काळाचा चेहरा

ऑगस्ट झांडर (१८७६–१९६४) हे जर्मनीतील नामवंत छायाचित्रकार. शेतकरी, कारागीर, मजूर, शिक्षक, डॉक्टर, कलावंत, बेकार अशा समाजातील सर्व थरांतील माणसांची छायाचित्रे काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला. या कामासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली आणि मोठी किंमतही मोजली. त्यांच्या जीवनाची व कार्याची ओळख प्रस्तुत पाठातून होते.

फोटो काढायचा म्हटला, की आपण काय करतो? केस विंचरतो, चांगले कपडे घालतो, चेहऱ्यावर थोडे हसू आणतो. आपण आहोत त्यापेक्षा जरा अधिक चांगले दिसावे, असे प्रत्येकालाच वाटते. गिऱ्हाइकाची ही इच्छा छायाचित्रकारही ओळखून असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे छायाचित्रकार तर काचेवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि डाग नाहीसे करीत. म्हातारा माणूस फोटोत तरुण दिसे, थकलेला माणूस ताजातवाना दिसे. अशा काळात एका छायाचित्रकाराने निराळी वाट धरली. माणूस जसा आहे तसाच दाखवायचा, असे त्याने ठरवले. या छायाचित्रकाराचे नाव ऑगस्ट झांडर.

ऑगस्ट झांडर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८७६ रोजी जर्मनीतील हेरडॉर्फ या गावी झाला. हे गाव डोंगराळ भागात आहे. त्या काळी तेथे लोखंडाच्या खाणी होत्या. गावातील कितीतरी कुटुंबांचे पोट या खाणींवर चाले. ऑगस्टचे वडील खाणीत सुतारकाम करीत. जमिनीखालचे बोगदे ढासळू नयेत म्हणून त्यांना लाकडाचे भक्कम टेकू द्यावे लागत. हे टेकू नीट बसले नाहीत, तर आत काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका असे. हातातले काम चोख केलेच पाहिजे, हा धडा ऑगस्टला घरातच मिळाला. शालेय शिक्षण संपताच तोही खाणीवर कामाला जाऊ लागला. तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता.

खाणीवर काम करीत असताना एक लहानशी घटना घडली आणि त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. एक छायाचित्रकार त्या भागाचे छायाचित्र काढण्यासाठी खाणीवर आला. त्याचे जड सामान वाहायला आणि त्याला वाट दाखवायला कोणीतरी हवे होते. ऑगस्टला त्याच्याबरोबर पाठवण्यात आले. काम चालू असताना त्या छायाचित्रकाराने मुलाला कॅमेऱ्यातून पाहू दिले. कॅमेऱ्याच्या काचेवर समोरचे डोंगर दिसत होते आणि आकाशातले ढग चक्क सरकत होते. ते दृश्य पाहून ऑगस्ट थक्क झाला. आपणही असा कॅमेरा घ्यायचा, असे त्याच्या मनाने घेतले.

कॅमेरा ही त्या काळी श्रीमंतांची वस्तू होती. खाणीवरच्या मुलाला ती परवडणे शक्य नव्हते. पण ऑगस्टच्या एका मामा-काकांसारख्या नातलगाने त्याला पैशांची मदत केली. वडिलांनी घराजवळ एक छोटी अंधारखोली उभी करण्यास हातभार लावला. दिवसा खाणीवर काम आणि उरलेल्या वेळात छायाचित्रण, असा त्याचा क्रम सुरू झाला. तो घरच्या माणसांचे, शेजाऱ्यांचे आणि खाणीवरच्या सोबत्यांचे फोटो काढू लागला. कोणत्याही शाळेत न जाता, चुकत आणि सुधारत तो ही कला शिकला.

१८९७ ते १८९९ ही दोन वर्षे त्याने ट्रीर या शहरी सैन्यात सक्तीची नोकरी केली. तेथेही मोकळ्या वेळात तो एका छायाचित्रकाराकडे मदतनीस म्हणून काम करी. सैन्यातून सुटल्यावर बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन अशा शहरांत हिंडून त्याने निरनिराळ्या छायाचित्रकारांच्या हाताखाली अनुभव घेतला. १९०१ मध्ये ऑस्ट्रियातील लिंट्स या शहरातील एका स्टुडिओत त्याला नोकरी मिळाली. पुढच्याच वर्षी आना नावाच्या तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्याच सुमारास एका भागीदाराच्या साथीने त्याने तो स्टुडिओ चालवायला घेतला आणि १९०४ मध्ये तो त्याचा एकटा मालक झाला. खाणीवरचा मुलगा आता शहरातील प्रतिष्ठित व्यावसायिक बनला होता. आता लोक त्यांना आदराने झांडरसाहेब म्हणून ओळखू लागले.

लिंट्समध्ये झांडर यांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणेच छायाचित्रे काढली. रंग व डिंक यांचा उपयोग करून छायाचित्राला चित्रासारखे रूप देण्याची तेव्हा पद्धत होती. अशी छायाचित्रे धूसर आणि मोहक दिसत. झांडर यांना त्यांबद्दल बक्षिसेही मिळाली. त्यांनी आयुष्यभर हेच काम केले असते, तर ते सुखाने जगले असते. पण आज त्यांचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते.

१९१० मध्ये झांडर जर्मनीला परतले आणि कोलोन या मोठ्या शहरात लिंडेनथाल भागात त्यांनी नवा स्टुडिओ उघडला. नव्या गावात गिऱ्हाइके लगेच मिळेनात. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. गिऱ्हाइक आपल्याकडे येत नसेल, तर आपणच गिऱ्हाइकाकडे जावे. कॅमेरा आणि काचा सायकलवर बांधून ते वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागातील खेड्यांकडे निघत. हा त्यांच्या जन्मगावाजवळचाच मुलूख होता. तेथील बोली त्यांना येत होती आणि तेथील माणसांचा स्वभावही त्यांना ठाऊक होता. त्यामुळे शेतकरी त्यांना परका मानीत नसत.

या शेतकऱ्यांचे फोटो काढताना झांडर यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. उन्हात रापलेला चेहरा, कामाने जाडजूड झालेली बोटे, गुडघ्यावर ठेवलेले धर्मग्रंथाचे पुस्तक, हातातली काठी या साऱ्यांतून त्या माणसाचे सबंध आयुष्य बोलत होते. मग त्यावर पेन्सिल फिरवून ते पुसायचे कशासाठी? हळूहळू त्यांनी धूसर, सजवलेल्या छायाचित्रांचा नाद सोडून दिला.

१९१४ साली त्यांनी काढलेले एक छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. तीन तरुण एका कच्च्या रस्त्याने नाचाच्या समारंभाला निघाले आहेत. अंगात काळे सूट, डोक्यावर हॅट आणि हातात काठ्या आहेत. चालता चालता कोणीतरी हाक मारावी, तसे ते मान वळवून आपल्याकडे पाहत आहेत. झांडर यांनी या छायाचित्राला तरुण शेतकरी असे नाव दिले. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा हे तरुण खाणीत आणि खाणीच्या कचेरीत काम करणारे होते, असे आढळले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि या तिघांपैकी एकजण त्या युद्धात मरण पावला. आज ते छायाचित्र पाहताना मन गलबलून येते. त्या वाटेवर पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्या तिघांना ठाऊक नव्हते.

महायुद्धात झांडर यांनाही सैन्यात जावे लागले. त्यांच्या मागे आना यांनी मुलांना सांभाळून स्टुडिओ चालवला. १९१८ मध्ये जर्मनीचा पराभव झाला. सम्राटाला पदत्याग करावा लागला. जुनी व्यवस्था मोडली, पैशाची किंमत घसरली, बेकारी वाढली. कालचा साहेब आज कंगाल झाला. या धामधुमीत कोलोनमधील काही तरुण चित्रकारांशी झांडर यांची मैत्री जमली. फ्रान्झ विल्हेल्म झायवर्ट हा त्यांतील एक होता. समाज कसा बनतो, कोणाच्या श्रमावर कोण जगतो, यांवर या मित्रांच्या तासन्‌तास चर्चा होत. या चर्चांतून झांडर यांच्या मनात एक प्रचंड कल्पना आकाराला आली. आपल्या काळातील संपूर्ण समाजाचे चित्र छायाचित्रांतून उभे करायचे, आणि त्याला विसाव्या शतकातील माणसे असे नाव द्यायचे.

ही योजना त्यांनी मोठ्या शिस्तीने आखली. समाजाचे त्यांनी सात गट केले. पहिला गट शेतकऱ्यांचा, दुसरा कारागिरांचा, तिसरा स्त्रियांचा, चौथा निरनिराळ्या व्यवसायांचा, पाचवा कलावंतांचा आणि सहावा मोठ्या शहरातील लोकांचा. सातव्या गटाला त्यांनी शेवटची माणसे असे नाव दिले. त्यात अंध, आजारी आणि मरणाच्या दारी पोहोचलेली माणसे होती. या सात गटांचे पंचेचाळीस भाग पाडून प्रत्येक भागात साधारण बारा छायाचित्रे ठेवायची, असा त्यांचा बेत होता. शेतकऱ्याला त्यांनी मुद्दामच पहिले स्थान दिले. समाजाची सुरुवात मातीपासून होते, असे ते मानत.

झांडर यांची काम करण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. त्यांचा कॅमेरा मोठा होता आणि तो तिकाटण्यावर ठेवावा लागे. फिल्मऐवजी ते काचेच्या पट्ट्या वापरीत. या काचेवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला की प्रतिमा उमटते. मात्र जे उजळ ते काळे आणि जे काळे ते उजळ असे तिचे उलटे रूप असते. तिच्यावरून पुढे कागदावर सुलटे छायाचित्र काढतात. प्रतिमा नीट उमटावी म्हणून समोरच्या माणसाला काही सेकंद स्तब्ध राहावे लागे. त्यामुळे खोटे हसू टिकत नसे. माणूस गंभीर होई, स्वतःचा तोल सावरी आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाही. झांडर शक्यतो त्या माणसाच्या घरी किंवा कामाच्या जागी जात आणि नैसर्गिक प्रकाशातच छायाचित्र काढीत. छायाचित्र छापण्यासाठी ते गुळगुळीत, चकचकीत कागद वापरीत. त्यावर कपड्याची वीण आणि कातडीची रेघन्‌रेघ स्पष्ट दिसे.

त्यांची काही छायाचित्रे पाहू या. १९२८ च्या एका छायाचित्रात एक मिठाईवाला उभा आहे. देह स्थूल, अंगात लांब पांढरा कोट आणि समोर धातूचे चकाकणारे भांडे. एका हाताने भांडे धरून तो दुसऱ्या हाताने ते ढवळत आहे. तो आपल्या स्वयंपाकघरात एखाद्या राजासारखा उभा आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या छायाचित्रात विटा वाहणारा मजूर आहे. खांद्यावरच्या फळीवर विटांची रास आहे. एवढे ओझे असूनही त्याची मान ताठ आहे आणि नजर सरळ आहे. तिसऱ्या छायाचित्रात एक बेकार माणूस रस्त्याच्या कडेला उभा आहे. डोक्यावरचे केस अगदी बारीक कापलेले आहेत. हातांत हॅट आहे, पण त्या हातांना काम नाही. मिठाईवाल्याजवळ भांडे आहे, मजुराजवळ विटा आहेत. या माणसाजवळ त्याच्या धंद्याची कोणतीही खूण उरलेली नाही. बेकारी म्हणजे काय, हे समजायला हे एक छायाचित्र पुरेसे आहे.

मंत्री असो वा मजूर, झांडर यांच्या कॅमेऱ्याने दोघांकडे सारख्याच नजरेने पाहिले. श्रीमंताला त्यांनी अधिक रुबाबदार केले नाही आणि गरिबाला अधिक केविलवाणे केले नाही. अंध मुलींचे छायाचित्र काढतानाही त्यांनी दयेचा आव आणला नाही. त्या मुली एकमेकींचा हात धरून शांत उभ्या आहेत, एवढेच आपल्याला दिसते. छायाचित्राखाली ते बहुधा माणसाचे नाव न देता फक्त त्याचा व्यवसाय लिहीत. त्यामुळे एक मिठाईवाला साऱ्या मिठाईवाल्यांचा प्रतिनिधी होई.

या पद्धतीत एक उणीवही होती, ती झाकण्याचे कारण नाही. स्त्रियांना त्यांनी एका वेगळ्या गटात ठेवले आणि त्यांपैकी कित्येकींची ओळख चित्रकाराची पत्नी, वास्तुशिल्पकाराची पत्नी अशी करून दिली. ज्यांनी स्वतःचा स्टुडिओ युद्धकाळात पत्नीच्या हाती सोपवला होता, त्यांच्याही नजरेला त्या काळाची मर्यादा होतीच. मात्र नभोवाणी केंद्रात काम करणारी तरुण सेक्रेटरी, परिचारिका अशा नोकरी करणाऱ्या स्त्रियांचीही छायाचित्रे त्यांनी काढली आहेत.

१९२७ मध्ये कोलोन शहरात झांडर यांच्या या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. १९२९ मध्ये काळाचा चेहरा या नावाने साठ छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला आल्फ्रेड डोब्लिन या नामांकित कादंबरीकाराने प्रस्तावना लिहिली. पुस्तकाच्या आरंभी शेतकरी होते आणि शेवटच्या पानावर तो बेकार माणूस होता. जाणकारांनी पुस्तकाचे कौतुक केले. १९३१ मध्ये झांडर यांनी नभोवाणीवरून छायाचित्रणावर व्याख्याने दिली. छायाचित्र ही सर्व जगाला समजणारी भाषा आहे, हा विचार त्यांनी त्यांत मांडला. आता आपली योजना पूर्ण होणार, अशी त्यांना आशा वाटू लागली.

पण जर्मनीचे दिवस फिरले होते. १९३३ मध्ये हिटलरचा नाझी पक्ष सत्तेवर आला. जर्मन वंश सर्वांत श्रेष्ठ आहे, असे हा पक्ष सांगत होता. उंच, गोरे, बलवान जर्मन त्याला चित्रांत हवे होते. झांडर यांच्या पुस्तकात तर बेकार, मजूर, क्रांतिकारक अशी सर्व प्रकारची माणसे होती. खरा जर्मन समाज असा मिश्र होता. ही गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराशी जुळत नव्हती. १९३६ मध्ये काळाचा चेहरा या पुस्तकाच्या शिल्लक प्रती जप्त करण्यात आल्या आणि छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. प्रस्तावना लिहिणारे डोब्लिन हे ज्यू होते. ते १९३३ मध्येच देश सोडून गेले होते.

त्याआधीच झांडर यांच्या घरावर संकट कोसळले होते. त्यांचा थोरला मुलगा एरिख हा समाजवादी विचारांचा होता. तो नाझींच्या विरोधी एका पक्षात काम करी. १९३४ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तुरुंगातही एरिख वडिलांचा खरा शागीर्द ठरला. त्याला तेथे छायाचित्रकाराचे काम मिळाले आणि त्याने आपल्याबरोबरच्या राजकीय कैद्यांची छायाचित्रे काढली.

घरात मुलगा नाही, पुस्तकावर बंदी आहे आणि सरकारची वक्रदृष्टी आहे, अशा स्थितीतही झांडर खचले नाहीत. या काळात त्यांनी ऱ्हाइन नदी, डोंगर, झाडेझुडपे आणि जुने कोलोन शहर यांची पुष्कळ छायाचित्रे काढली. स्टुडिओतील कामही चालूच होते. १९३८ च्या सुमारास कोलोनमधील अनेक ज्यू नागरिक त्यांच्याकडे आले. ओळखपत्रासाठी किंवा देश सोडून जाण्यासाठी त्यांना फोटो हवे होते. हे फोटो एका कागदपत्रावर चिकटवण्यापुरतेच हवे होते. तरी झांडर यांनी ते पूर्वीच्याच काळजीने आणि आदराने काढले. त्यांतील कित्येकांना पुढे छळछावण्यांत प्राण गमवावे लागले.

त्याच स्टुडिओत गणवेश घातलेले नाझी सैनिक आणि अधिकारीही फोटो काढून घ्यायला येत. झांडर यांनी त्यांचीही छायाचित्रे काढली. युद्धानंतर आपला संग्रह लावताना त्यांनी छळलेल्या ज्यूंचा एक भाग केला, एरिखने काढलेल्या कैद्यांच्या छायाचित्रांचा एक भाग केला आणि नाझींचाही एक भाग ठेवला. ज्यांनी आपला मुलगा हिरावून नेला, त्यांना या संग्रहात जागा का द्यावी, असा प्रश्न आपल्या मनात येतो. पण विसाव्या शतकातील जर्मन समाज दाखवायचा, तर छळ सोसणारा आणि छळ करणारा असे दोघेही दाखवले पाहिजेत. एकाला वगळले असते, तर ते काळाचे खरे चित्र झाले नसते.

मार्च १९४४ मध्ये एरिखच्या पोटात असह्य वेदना होऊ लागल्या. आंत्रपुच्छाचा आजार होता. तुरुंगात त्याच्यावर वेळेवर उपचार झाले नाहीत आणि तो मरण पावला. त्याची शिक्षा संपायला अवघे काही महिने उरले होते. आईवडिलांवर तर दुःखाचा डोंगर कोसळला. एरिखच्या मृत चेहऱ्याचा साचा घेण्यात आला होता. झांडर यांनी त्या मुखवट्याचे छायाचित्र काढले आणि आपल्या संग्रहाच्या शेवटच्या भागात ठेवले. कित्येक अनोळखी माणसांचे चेहरे ज्या संग्रहात होते, त्यात आता त्यांच्या स्वतःच्या मुलाचाही चेहरा आला.

दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर बाँबचा वर्षाव होऊ लागला. काचेच्या पट्ट्यांची झांडर यांना फार काळजी वाटत होती. काच जड, नाजूक आणि एकदा फुटली की गेलीच. त्यांनी कुखहाउझन नावाच्या एका लहान खेड्यात घर घेतले आणि निवडक सुमारे दहा हजार पट्ट्या तेथे हलवल्या. बाकीच्या पट्ट्या कोलोनच्या तळघरात राहिल्या. १९४४ मध्ये बाँबहल्ल्यात त्यांचा स्टुडिओ उद्ध्वस्त झाला, पण तळघर वाचले. युद्ध संपल्यावर मात्र घात झाला. १९४६ मध्ये त्या तळघराला आग लागली आणि सुमारे पंचवीस ते तीस हजार पट्ट्या नष्ट झाल्या. चाळीस वर्षांच्या मेहनतीचा मोठा भाग एका आगीत गेला. तेव्हा झांडर यांचे वय सत्तरीला आले होते.

एखादा माणूस येथेच थांबला असता. झांडर खेड्यातच राहिले आणि उरलेल्या पट्ट्यांवरून छायाचित्रे काढून आपला संग्रह पुन्हा लावू लागले. हळूहळू जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९५१ मध्ये कोलोनच्या प्रसिद्ध छायाचित्रण प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडण्यात आली. १९५३ मध्ये कोलोन शहराने त्यांच्याकडून जुन्या कोलोनच्या छायाचित्रांचा संच विकत घेतला. बाँबहल्ल्यात शहराचा बराच भाग जमीनदोस्त झाला होता. पूर्वीच्या गल्ल्या आणि इमारती आता या छायाचित्रांतच उरल्या होत्या.

अमेरिकेतील छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी जगातील माणसांवर एक भव्य प्रदर्शन भरवले. ते १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. त्यात झांडर यांच्याही छायाचित्रांचा समावेश होता. हे प्रदर्शन पुढे अनेक देशांत फिरले आणि १९५६ मध्ये मुंबईतही आले.

१९५७ मध्ये आना यांचे निधन झाले. पंचावन्न वर्षांची साथ सुटली. १९५८ मध्ये हेरडॉर्फ गावाने आपल्या या सुपुत्राला सन्माननीय नागरिकत्व दिले. १९६० मध्ये जर्मन सरकारनेही त्यांना सन्मानपदक दिले. २० एप्रिल १९६४ रोजी कोलोन येथे वयाच्या ८७ व्या वर्षी झांडर यांचे निधन झाले. त्यांची संपूर्ण योजना पुस्तकरूपाने पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही.

हे काम त्यांचा दुसरा मुलगा गुंथर याने पुढे नेले. १९८० मध्ये विसाव्या शतकातील माणसे हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००२ मध्ये त्याची सात खंडांची आवृत्ती निघाली. तिच्यात सहाशेहून अधिक छायाचित्रे आहेत. २०१८ मध्ये पॅरिस येथील ज्यू हत्याकांडाच्या स्मारकात छळलेल्यांची आणि छळणाऱ्यांची छायाचित्रे एकत्र मांडण्यात आली. ओळखपत्रासाठी काढलेले ते फोटो आता इतिहासाचे साक्षीदार झाले आहेत.

झांडर यांनी कोणाचा गौरव करण्यासाठी कॅमेरा हाती घेतला नाही आणि कोणाची निंदा करण्यासाठीही घेतला नाही. प्रत्येक माणसासमोर ते थांबले, त्याला नीट उभे राहू दिले आणि त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिले. आपण रोज रस्त्याने जातो, तेव्हा विटा वाहणारा, भट्टीवर काम करणारा, कामाच्या शोधात कोपऱ्यावर उभा असलेला माणूस आपल्याला दिसतो. पण आपण त्याच्याकडे पाहतोच असे नाही. झांडर यांच्या छायाचित्रातील माणसे आपल्याकडे सरळ पाहतात. आपणही त्यांच्याकडे तसेच पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

शब्दार्थ

टेकू – आधार
धूसर – अस्पष्ट
रापलेला – उन्हाने काळवंडलेला
तिकाटणे – तीन पायांची घडवंची
स्तब्ध – न हलता, शांत
कंगाल – अतिशय गरीब
शागीर्द – शिष्य
वक्रदृष्टी – वाईट नजर, राग
आंत्रपुच्छ – पोटातील आतड्याचा लहान भाग, अपेंडिक्स
जमीनदोस्त होणे – कोसळून जमिनीला मिळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ऑगस्टचे वडील कोणते काम करीत?
(आ) झांडर वेस्टरवाल्डमधील खेड्यांत कशाने जात?
(इ) काळाचा चेहरा या पुस्तकात किती छायाचित्रे होती?
(ई) मुंबईत आलेले छायाचित्रांचे प्रदर्शन कोणी भरवले होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) झांडर यांनी छायाचित्रांवर पेन्सिल फिरवणे का सोडले?
(आ) बेकार माणसाचे छायाचित्र मिठाईवाल्याच्या छायाचित्रापेक्षा कसे वेगळे आहे?
(इ) सत्ताधाऱ्यांना झांडर यांचे पुस्तक का आवडले नाही?

प्र. ३. सहा-सात वाक्यांत उत्तर लिहा.
झांडर यांनी आपल्या संग्रहात नाझींनाही जागा दिली. हे तुम्हाला योग्य वाटते का? कारणे द्या.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
ध्यास घेणे, दिवस फिरणे, दुःखाचा डोंगर कोसळणे, थक्क होणे.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एका कारागिराला भेटा. त्याचे कपडे, हात, हत्यारे आणि कामाची जागा यांचे निरीक्षण करून दहा ओळींत त्याचे शब्दचित्र लिहा.